मागचा डावा पाय

वाघ-सिंहाला भूल देताना डॉक्टरला स्वतःच्या जिवाची काळजी असते. जिराफाला भूल देताना जिराफाच्या. मी वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे, जिथून बोलावणं येईल त्या प्राणिसंग्रहालयात जाते, आणि जिराफाचं बोलावणं आल्यावर खूश झालेला सहकारी मी अजून पाहिलेला नाही. उभ्या जिराफाचं डोकं जमिनीपासून चार-साडेचार मीटरवर असतं. पाय लटपटले की ते तेवढ्या उंचीवरून खाली येतं, मान मोडू शकते. नीट आडवा झाला तरी संकट टळत नाही. हा रवंथ करणारा प्राणी आहे; पोटातलं पाणी आणि चारा त्या लांबलचक अन्ननलिकेतून तोंडात आला आणि श्वासनलिकेत उतरला की फुप्फुसं गेली. मान वेडीवाकडी पडून राहिली तर तिच्या स्नायूंना असे पेटके येतात की जनावर पुन्हा उठत नाही. त्यात डोक्यापर्यंत रक्त चढवायचं असल्यामुळे रक्तदाब माणसाच्या दुप्पट, आणि भुलेखाली तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून आमच्यात सगळे एकच सांगतात: टाळता येत असेल तर टाळा.

मी टाळलं नाही. मादी वाचली, काम पूर्ण झालं, अहवालात 'यशस्वी' असं लिहिलेलं आहे. तरी ती केस माझ्या डोक्यातून जात नाही.

हे प्राणिसंग्रहालय भर शहरात आहे आणि तिथे फक्त आफ्रिकेतले प्राणी आहेत. गज नाहीत, जाळ्या नाहीत. खंदक अशा खुबीने लपवले आहेत की पाहणाऱ्याला एकाच गवताळ मैदानावर जिराफ, झेब्रे, शहामृग आणि त्यांच्या मागच्या चढावर सिंह दिसतात. जागोजागी संरक्षणाचे फलक आहेत, आणि ते वरवरचे नाहीत, मन लावून लिहिलेले आहेत. बाहेरच्या माणसाला कळत नाही ते एवढंच की तिथले खडक सिमेंटचे आहेत आणि बहुतेक खडकांमागे एक दार आहे. प्राण्याचं निम्मं आयुष्य त्या दारामागे जातं. रात्रीचा निवारा तिथे, वजनकाटा तिथे, आणि आमचं सगळं कामही तिथेच.

जंगलातला जिराफ कडक मातीवर, खडीवर दिवसभर चालतो आणि खूर वाढतो तसा झिजतो. संग्रहालयात जमीन मऊ आणि सपाट, चालणं थोडं. दुसरं कारण पोटातून येतं. जिराफाचं अन्न म्हणजे झाडपाला, त्यातही बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. गोड किंवा पिष्टमय पदार्थ जास्त झाले की पोटात आम्ल वाढतं आणि खुराच्या आतले, हाडाला धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात. मग खूर वाकडा वाढायला लागतो. गुरांच्या डॉक्टरांना हे पाठ असतं. इथे पाहुण्यांसाठी एक उंच माची आहे, तिथून जिराफाला हाताने भरवता येतं, आणि वर्षानुवर्षं तिथे गाजराचे काप विकले गेले. तिथे फक्त डहाळ्या द्या, असं मी मागेच लेखी दिलं होतं. डहाळ्या रोज तोडून आणायला माणूस लागतो, गाजरांना लागत नाही. ते पत्र फायलीत राहिलं त्याचं कारण एवढंच होतं, आणि त्याचा मला आजही राग येतो.

त्या मादीच्या मागच्या डाव्या पायाच्या दोन्ही नख्या पुढे वाढून एकमेकींवर चढल्या होत्या. नखी लांबली की भार मागे टाचेकडे जातो, सांधा खाली बसतो आणि पायातल्या शेवटच्या हाडावर, ज्याला आम्ही पेडल बोन म्हणतो, नको तिथे ताण येतो. संग्रहालयातल्या जिराफांत हे हाड मोडलेलं सापडतं, आणि एक्स-रे निघेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणं लपवतो. कळपात लंगडणाऱ्यावरच सिंहाची नजर असते.

हे सगळ्यात आधी पाहिलं ते हेड कीपरनी. ती उभ्या-उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकते, आणि दर वेळी तोच पाय हलका करते, असं त्यांनी नोंदवहीत लिहून ठेवलं होतं. त्यांच्यासारखं निरीक्षण मी फार थोड्या डॉक्टरांकडे पाहिलं आहे.

शिवाय त्यांनी एक काम चालू ठेवलं होतं, ज्याबद्दल मला त्यांच्याइतकाच अभिमान वाटतो. लोखंडी कठड्याच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती. काठीच्या टोकाला चेंडू. तिने चेंडूला नाक लावलं की शिट्टी, शिट्टीनंतर पाला. शिट्टीचा अर्थ एकच: आत्ता जे केलंस ते बरोबर. यातून पायरी-पायरीने ती लाकडी ठोकळ्यावर पुढचा पाय ठेवायला शिकली, मग तो तिथे टिकवायला, मग त्यावर कानस फिरली तरी न हलायला. मानेतल्या शिरेतून ती जागेपणी, उभ्याने रक्त देते. तिला कोणी बांधत नाही, कोणी धरत नाही. तिला जायचं असेल तर ती पाय काढून घेते आणि जाते, आणि मग त्या दिवसाचं काम संपतं. ओढायचं नाही, मागे लागायचं नाही. कोलोरॅडोतल्या शायेन माउंटन प्राणिसंग्रहालयाने जिराफांच्या खुरांसाठी ही पद्धत फार पुढे नेली आहे आणि ठिकठिकाणचे कीपर ती तिथे शिकून येतात. इथे ती एका माणसाने, संग्रहालय उघडण्याआधीच्या तासाभरात, स्वतःच्या हिकमतीवर उभी केली होती.

पुढचे दोन्ही पाय ती देत होती. मागचा उजवा ठोकळ्यावर टेकवून थोडा वेळ ठेवत होती. मागचा डावा टेकवायची आणि लगेच काढून घ्यायची.

"डॉक्टर, मला अजून तीन महिने द्या," ते म्हणाले. "मागचाही देईल ती."

"तीन महिने ते हाड टिकेल, असं तुम्ही सांगू शकता का?"

"नाही. पण ती माझ्याजवळ येते, हे सांगू शकतो. आज तिच्यावर दोर पडले तर उद्या ती येईल का, हे तुम्ही सांगू शकता का?"

तेही मला सांगता आलं नाही. पण माझ्यासमोर छायाचित्रं होती, त्यात दर महिन्याला सांधा जरा आणखी खाली आलेला दिसत होता, आणि पुढे उन्हाळा होता. उन्हाळ्यात जिराफाला भूल देणं म्हणजे धोक्यात धोका; भुलेखाली शरीर तापतं आणि एवढं मोठं जनावर थंड करणं सोपं नसतं. मी भूल द्यायचं ठरवलं. संचालकांनाही तेच हवं होतं, कारण गर्दीचा हंगाम तोंडावर आला होता. आमचा निर्णय एक होता आणि कारणं वेगळी होती. हे मला तेव्हाही खटकलं होतं.

आधी चारा बंद, मग पाणी बंद, म्हणजे पोटातून वर यायला काही उरू नये. निवाऱ्याच्या भिंतींना गाद्या, जमिनीवर वाळू आणि त्यावर रबरी चटया. छताच्या तुळईवरून एक दोर, तो मानेच्या वरच्या भागात अडकवायचा, ओढण्यासाठी नव्हे, तर पडताना डोकं सावकाश खाली यावं म्हणून. दोराला माणसं, छातीसमोर आडव्या पट्ट्याला माणसं, आणि एक माणूस फक्त डोक्यासाठी. आवाज एकाचाच, माझा. बाकी कोणी बोलायचं नाही.

औषधाची बाटली उघडण्याआधी पहिली सिरिंज भरायची ती उताऱ्याची, आणि ती जिराफासाठी नसते, माणसासाठी असते. एटॉर्फिन हे मॉर्फिनच्या कुळातलं औषध, पण त्याच्या हजार पटींहून जोरदार. कातडीवरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्यात एखादा थेंब गेला तरी माणसाचा श्वास थांबू शकतो. म्हणून हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि शेजारी दुसरा डॉक्टर, ज्याला उतारा कुठे टोचायचा हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. हेच औषध १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या उंफोलोझी अभयारण्यात पांढऱ्या गेंड्यांसाठी वापरलं गेलं. दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यांचा शेवटचा मोठा कळप तेव्हा त्या एकाच परिसरात उरला होता. तिथले वनाधिकारी इयन प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गेंडे गुंगवले, खोक्यांत भरले आणि इतर अभयारण्यांत आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत पोचवले. असं औषध हाताशी नसतं तर ती जात एका ठिकाणच्या एका साथीत संपू शकली असती. ती बाटली हातात घेताना मला दर वेळी हे आठवतं.

पहाटे आधी झायलाझिन हे गुंगीचं औषध दिलं. ती पेंगुळली, ओठ सैल पडला, मान हळूहळू खाली आली. मग एटॉर्फिन. काही मिनिटांतच ती पाय उंच उचलून जागच्या जागी चालायला लागली, मान मागे टाकून छताकडे बघायला लागली. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. आम्हाला माहीत असतं की औषध चढतं आहे आणि खरी कसोटी आता आहे. मागचे पाय वाकले. मी "दोर" म्हणाले आणि तुळईवरचा दोर घट्ट झाला. ती बसकण मारून, मग कुशीवर, गादीच्या कडेला आली. डोकं धरणारा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच या कामाला उभा होता. त्याने ते डोकं एखाद्या भरलेल्या घागरीसारखं खाली आणलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

पुढचं सगळं घड्याळावर चालतं. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. मान लांब, गादी बांधलेल्या फळीवर सरळ. डोकं पोटापेक्षा उंच आणि तोंडाचं टोक खाली झुकलेलं, म्हणजे लाळ किंवा पोटातलं काही आलंच तर बाहेर गळून जाईल. जिभेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकपुडीत ऑक्सिजनची नळी. दोघं जण मानेचे स्नायू सतत चोळत होते, पेटके येऊ नयेत म्हणून. हे काम बघायला क्षुल्लक वाटतं आणि कंटाळवाणं असतं, पण मी ते कधीही नवख्याकडे देत नाही. पाऊण तासाच्या आत उठवायचं हे आधीच ठरलं होतं.

घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका नालबंदाला आम्ही बोलावलं होतं. त्याने आयुष्यात जिराफाचा पाय हातात घेतला नव्हता. दोन मिनिटं तो नुसता बघत राहिला, बोटांनी तळवा चाचपला आणि मग कामाला लागला. आधी पकडीने वाढलेली टोकं, मग ग्राइंडर, मग कानस. इतका नेमका हात मी क्वचित पाहिला आहे. ज्या बैठकांत मला या केसचं नियोजन शिकवलं गेलं, त्या सगळ्या बैठकांपेक्षा त्या माणसाच्या कामाने मादीचं जास्त भलं केलं.

तेवढ्या वेळात एक्स-रे निघाले. डाव्या पायाच्या बाहेरच्या नखीत पेडल बोनच्या कडेला चीर होती. ताजी नव्हती; कडा गोलसर झाल्या होत्या. कित्येक महिने ती त्याच पायावर उभी होती.

उतारा दिला. नाल्ट्रेक्सोन एटॉर्फिनसाठी, अटिपामेझोल झायलाझिनसाठी. जिराफ मानेच्या झोक्यावर उठतो: मान मागे, मग पुढे, आणि त्या जोरात पाय. मान धरून ठेवली तर त्याला उठताच येत नाही. म्हणून मान कधी सोडायची हे डोकं धरणाऱ्याच्या हातात असतं. आधी सोडली तर अर्धवट शुद्धीत उठून आपटेल, उशिरा सोडली तर घाबरून झटापट करेल. मी "सोडा" म्हणाले. ती पहिल्या प्रयत्नात बसली, दुसऱ्यात उभी राहिली. चारही पाय सपाट टेकलेले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कोणीतरी रडलं, मी अहवाल लिहायला बसले.

नंतर मी समोरच्या बाजूला, माचीवर गेले. जिराफांची बाजू बंद होती म्हणून लोक वैतागले होते. तिकीट काढून आलो आणि जिराफच नाही, अशा तक्रारी खिडकीवर होत होत्या. आदल्या महिन्यांत ती सगळ्यांसमोर लंगडत होती, तेव्हाची एकही तक्रार संग्रहालयाकडे नाही. लोकांना प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही. पण ते प्रेम जिराफाच्या चेहऱ्यावर थांबतं, पायांपर्यंत जात नाही.

माचीवरच्या फलकावर लिहिलं आहे की १९८५ च्या सुमारास जिराफांची संख्या दीड लाखाच्या वर होती आणि २०१५ पर्यंत ती साधारण ९७,५०० वर आली; २०१६ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संस्थेने जिराफाला 'असुरक्षित' गटात टाकलं. खाली नायजरची गोष्ट आहे. १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतले जिराफ अवघे ४९ उरले होते. लोकांनी आणि सरकारने मिळून ते जपले, ते वाढले, आणि २०१८ मध्ये त्यांतले आठ जिराफ ट्रकने सुमारे ८०० किलोमीटरवरच्या गादाबेजी राखीव क्षेत्रात नेऊन सोडले. तिथले डॉक्टर जिराफाला आडवं ठेवतच नाहीत. औषधाचा बाण, म्हणजे डार्ट लागतो, जिराफ पडतो, त्याच क्षणी उतारा देतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि जागा झालेला जिराफ दोरांमध्ये चालवत गाडीत नेतात. आणखी खाली युगांडातल्या मर्चिसन फॉल्सचं छायाचित्र: दुसऱ्याच जनावरासाठी लावलेल्या तारेच्या फासात अडकलेला जिराफाचा पाय, आणि ती तार कापणारे डॉक्टर.

मी त्या छायाचित्रासमोर बराच वेळ उभी होते. तिथला पाय तारेने कापला जातो. इथला पाय आम्ही दिलेल्या जमिनीने आणि आम्ही विकलेल्या गाजराने मोडला. ती मादी त्या फलकाशेजारी उभी राहते, लोक तिला बघून वर हात करतात, पैसे देतात, आणि त्यातला वाटा खरोखरच आफ्रिकेत पोचतो. म्हणजे जंगलातल्या जिराफांसाठी तिने तिचं काम केलेलं आहे. खडबडीत जमीन आणि डहाळ्या, एवढंच आम्ही तिचं देणं लागत होतो, आणि ते देण्यासाठी कोणत्याही संशोधनाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेड कीपर चेंडू घेऊन कठड्याशी गेले. ती लांबच्या कोपऱ्यात उभी राहिली. पाला ठेवून ते मागे सरले तेव्हा तिने तो खाल्ला. हे पुढे बरेच आठवडे चाललं. शिट्टी वाजली तर ती कान टवकारायची, पण यायची नाही. रक्त देणं बंद. पुढचे पाय, जे ती कित्येक महिने विनासायास देत होती, तेही बंद. मला त्यांनी एकदाच सांगितलं, आणि आवाजात राग नव्हता: "डॉक्टर, तुम्ही निवाऱ्याकडे येऊ नका काही दिवस. तुमच्या बुटांचा आवाज तिला कळतो."

अहवालात या गोष्टीसाठी रकाना नाही. भुलेचा वेळ, श्वास, तापमान, ऑक्सिजन, उठायला लागलेली मिनिटं, सगळ्याला रकाने आहेत. पुढे कोणी या केसवर नजर टाकली तर त्याला एक चांगली पार पडलेली भूल दिसेल.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो त्या चिरेचा. ती एक्स-रेत दिसली म्हणून माझा निर्णय बरोबर ठरला, असं सगळे म्हणतात, आणि मीही ते मानते. तुटत चाललेल्या हाडावर तीन महिने थांबणं मला कधीच मान्य झालं नसतं. पण तीच चीर आणखी एक गोष्ट सांगते. ती मागचा डावा पाय टेकवून काढून घेत होती, ते भीतीने नव्हे. ठोकळ्यावर दाब पडला की दुखत होतं. कीपरना वाटत होतं तिला अजून भरवसा वाटत नाही. मला वाटत होतं मागचा पाय जिराफ सहसा देतच नाही. ती मात्र रोज सकाळी येऊन, दुखणारा पाय टेकवून, जमत नाही एवढं सांगून जात होती. आता नख्या कापल्या आहेत, भार नीट पडतो आहे, दुखणं बहुधा कमी झालं आहे. म्हणजे आता तो पाय ती देऊ शकते. आणि नेमकं आता तिला आमच्याजवळ यायला दुसरं कारण आडवं आलं आहे, जे आम्ही दिलं.

असं काही आधी कळलं असतं का, हे मी पुन्हा पुन्हा तपासते. मागच्या पायाचा एक्स-रे भुलेशिवाय निघत नव्हता, कारण पाय टिकत नव्हता. पाय टिकत नव्हता कारण दुखत होतं. या फेऱ्यातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला अजून दिसलेला नाही. दुखणं कमी करणारी औषधं आधी सुरू करून, पाय टिकतो का ते बघायचं, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. पुढच्या वेळी, दुसऱ्या जिराफाच्या बाबतीत, मी ते करीन. पण वेदना दबलेल्या तुटक्या हाडावर ते जनावर जास्त भार टाकेल, ही भीती तेव्हाही माझ्यासोबत असेल.

माचीवरची गाजरं बंद झाली. त्यासाठी एक्स-रेची प्रत संचालकांच्या टेबलावर ठेवावी लागली. वैरणीच्या टोपल्यांसमोर, जिथे जिराफ सर्वांत जास्त वेळ उभे राहतात, तिथे खडबडीत काँक्रीटचा पट्टा टाकला आहे. हेड कीपरनी सगळं पहिल्या पायरीपासून सुरू केलं: चेंडू, शिट्टी, पाला. आता ती कठड्याशी येते. पुढचा उजवा पाय देते. लाकडाची, एक्स-रेच्या प्लेटच्या मापाची एक फळी त्यांनी ठोकळ्याशेजारी नुसती उभी करून ठेवली आहे, म्हणजे ती वस्तू तिच्या नजरेला सवयीची व्हावी. मी निवाऱ्यात जात नाही. त्यांच्या नोंदी वाचते आणि फोनवर बोलते.

संचालकांनी पुढच्या भुलेची तारीख मागितली आहे, कारण खूर पुन्हा वाढणारच. मी तारीख दिलेली नाही. चीर भरत आली असेल तर खूर कीपरच उभ्याने घासू शकतील आणि भुलेची गरज पडणार नाही. भरली नसेल तर काय करायचं हे मला ठरवावं लागेल. ते एक्स-रेशिवाय कळणार नाही, आणि एक्स-रे तिने मागचा डावा पाय ठोकळ्यावर ठेवला तरच निघेल.